अंगाला न बसलेली वर्दी



या व्यासपीठावर आजवर साहित्यिक, प्राध्यापक, इतिहाससंशोधक बोलून गेले. मी साखरेच्या गोळ्या देणारा माणूस. कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, 'ऋतुमान आणि आरोग्य' असं काहीतरी सांगायचं असेल. ते म्हणाले, "डॉक्टर, ते तुम्ही दवाखान्यात रोज सांगताच. इथे दुसरं काही बोला. बरेच दिवस मनात असलेलं." मी विषय कळवला तेव्हा मात्र ते थोडे बुचकळ्यात पडले. "सक्तीची लष्करी सेवा? ती आपल्याकडे कुठे आहे?" नाही, आपल्याकडे नाही. पण नसलेल्या गोष्टीविषयी आपण फार सहज बोलतो, आणि तसं बोलणाऱ्यांत मी पुढे होतो. म्हणून हा विषय.

माझं घर कॅम्पाच्या कडेला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे हे तुम्हाला सांगायला नको. पहाटे रंगरूट धावत जातात, त्या बुटांचा एका ठेक्यातला आवाज ऐकत माझी निम्मी हयात गेली. त्यांच्यामागून, फाटकाबाहेरच्या रस्त्यानं, आणखी एक जथा धावतो. ती अजून भरती न झालेली पोरं. खानापूर, चंदगड, हुक्केरीकडची. चौघांत एक खोली घेऊन राहतात, हरभरे भिजवून खातात आणि धावतात. त्यांतली काही माझ्याकडे येतात. कुणाची उंची एका सेंटिमीटरनं कमी पडलेली, कुणाची छाती पुरेशी फुगत नाही. "डॉक्टर, उंची वाढायचं औषध द्या की." विसाव्या-एकविसाव्या वर्षी असं औषध नसतं, हे सांगताना माझा जीव खालीवर होतो. भरतीत नाकारलेला पोरगा बाकावर बसून कसा रडतो ते मी पाहिलं आहे.

तेव्हा सैन्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. मी जैन आहे म्हणून अढी असेल असं कुणाला वाटत असेल, तर तेही आधीच सांगून टाकतो. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर इ.स. 981 च्या सुमारास ज्यांनी घडवून घेतला, ते चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. आपल्या किल्ल्यातली कमलबस्ती लष्कराच्या हद्दीतच उभी आहे. आमच्या शास्त्रानं हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाला पूर्ण वर्ज्य आहे. स्वतःच्या आणि आश्रितांच्या रक्षणासाठी होणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येणार नाही, एवढं वास्तवाचं भान शास्त्रानं ठेवलं आहे.

आपल्याकडे जो जातो तो स्वतःहून जातो. संविधानाच्या कलम 23 च्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्याला आहे, पण सैन्यासाठी ती स्वतंत्र भारतानं कधी वापरली नाही. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, तीही ऐच्छिक. म्हणून तर आपल्या दिवाणखान्यात ते वाक्य इतक्या सहज येतं. "सगळ्या पोरांना दोन वर्षं सक्तीनं मिलिटरीत पाठवा, बघा कसे सरळ होतात." लग्नाच्या पंगतीत, कट्ट्यावर, दवाखान्यात रुग्ण नसले की मित्रांसमोर, हे वाक्य मी कितीदा बोललो त्याला गणती नाही. आज ते मी परत घेतो आहे. का, ते सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्नानंतर सिंगापूरला गेली. जावई इंजिनिअर. दोघांनी तिथलं कायम रहिवासाचं पत्र घेतलं. मुलगा तिथेच जन्मला. त्या देशात 1967 पासून नॅशनल सर्व्हिस आहे. अठरा वर्षांच्या सुमारास मुलग्यांना बोलावणं येतं आणि दोन वर्षं पूर्ण वेळ द्यावी लागतात. नागरिकांच्या मुलांना ते लागू आहे, तसंच आपल्यासारख्या कायम रहिवाशांच्या तिथे वाढलेल्या मुलांनाही. रहिवास सोडून टाळता येतं, पण पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला परतायचं म्हटलं की ते आड येतं. त्या पोराचं सगळं तिथेच. शाळा तिथली, दोस्त तिथले. बेळगाव त्याच्या दृष्टीनं मे महिन्यातलं आजोळ.

मुलगा कसा? पाच जण बोलत असले की हा सहावा गप्प. एखादी गोष्ट सांगितली की आधी तिचा विचार करणार, मग उठणार. पाच वर्षांचा असताना आमच्या अंगणात मुंग्यांची रांग ओलांडायला घाबरून अर्धा तास पायरीवर बसून होता. पेटी बरी वाजवायचा. मोठ्या आवाजानं दचकायचा. पण आजारी म्हणावा असा मुळीच नव्हता. शाळेच्या कुठल्या कागदावर त्याच्याविषयी वाईट शेरा नव्हता.

बोलावणं आलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, इथे मंदिरात पूजा केली. मी फोनवर म्हणालो, "जा रे, माणूस होऊन ये." या वाक्यातला मूर्खपणा मला पुढे दोन वर्षांनी कळला. तोवर तो माणूस नव्हता की काय?

तिथली पद्धत चांगली आहे. पहिल्या दिवशी आईवडिलांनाही होडीतून तेकोंग बेटावर नेतात, मुलं राहणार ती जागा दाखवतात, त्यांच्यासोबत जेवायला बसवतात. शाकाहारी जेवण मिळतं. भाचीनं फोटो पाठवले होते. डोक्याचा गोटा केलेला, कान मोठे दिसू लागलेला आमचा पोरगा. एक गोष्ट मी स्वच्छ सांगतो, त्याला तिथे कुणी छळलं नाही. कुणी मारलं नाही, अन्न तोडलं नाही. मी पुष्कळ खोदून विचारलं तरी त्याचं उत्तर तेच राहिलं. म्हणूनच ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते. छळ झाला असता तर दोष देऊन आपण मोकळे झालो असतो.

मग झालं काय? सांगताना फार किरकोळ वाटतं. एका खोलीत पंधरा-सोळा मुलं, आणि दिवसाच्या कुठल्याही घटकेला तो एकटा नसायचा. ठरलेल्या मिनिटांत कपडे, पलंग, बूट. बाकीच्यांचं होऊन ते उभे, आणि याची एक नाडी बांधायची राहिलेली. ओरडून हुकूम आला की त्याचं अंग ताठ व्हायचं, डावं-उजवं सुचायचं नाही. पंधरा जण उन्हात थांबलेत ते आपल्यामुळे, ही जाणीव त्याला दिवसातून दहा वेळा व्हायची. कुणी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचे. काही मुलं चांगली होती, त्याची पिशवी भरून द्यायची. त्याचं त्याला अधिकच लागायचं.

रानातल्या मुक्कामात प्रत्येकानं आडवं पडता येईल एवढा उथळ खड्डा स्वतः खणायचा असतो. याचा सगळ्यांत शेवटी झाला. का, तर मातीत गांडुळं निघत होती, आणि हा ती उचलून बाजूला ठेवत होता. त्या मुक्कामात घरच्यांची पत्रं हाती देतात. मुलं ती वाचतात आणि बरीचशी रडतात, असं तो म्हणाला. भाचीच्या पत्राखाली आक्कानं हट्टानं चार ओळी सांगून लिहवून घेतल्या होत्या. त्यांत होतं, "खड्डा खणताना जीवजंतू बघून खण बाळा." देवनागरी तो अडखळत वाचतो. त्या ओळी लावायला त्याला बराच वेळ लागला. कळल्यावर आधी हसू आलं, मग पुढचं त्यानं सांगितलं नाही.

शनिवार-रविवार घरी सोडत. रविवारी संध्याकाळी परत. या रविवारांपासून माझा दोष सुरू होतो. दुपारी चार वाजले की त्याच्या पोटात गोळा यायचा, मग उलटी. भाचीनं मला फोन लावून दिला. मी लक्षणं घेतली. होमिओपॅथीचा डॉक्टर लक्षणं घेण्यात कधी कमी पडत नाही. कुठे दुखतं, शेकून बरं वाटतं का, तहान किती, दाबलं तर कसं, झोप कशी, स्वप्नं काय पडतात. नक्स व्होमिका सुचवली. नंतर परीक्षेच्या भीतीला देतात ती अर्जेंटम नायट्रिकम. नंतर जेल्सेमियम. त्यानं मुकाट्यानं घेतल्या. अकरा रविवार हा प्रकार चालला. त्या अकरा रविवारांत एक प्रश्न मी विचारला नाही. "तुला परत जायचंय का?" उत्तर मला ठाऊक होतं. ते ऐकलं तर काहीतरी करावं लागलं असतं, आणि करण्यासारखं काही दिसत नव्हतं. भाची आधीच सांगून ठेवायची, "मामा, तुम्ही जरा समजावा, तुमचं ऐकतो तो." मी समजावायचो. "सहन कर. सगळे करतात. दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

नात्यातल्या एका शहाण्यानं उपाय सुचवला. "जैन आहे म्हणावं. अहिंसा पाळतो म्हणून बंदूक धरत नाही, असं लिहून द्यायचं." मुलानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाला, "ते खोटं होईल. नेम माझा बरा आहे. बंदुकीची मला भीती नाही. मला ते... सगळ्यांबरोबर जमत नाही."

बाराव्या रविवारी तो घरातून निघाला आणि पोचला नाही. पासिर रिसच्या बसस्थानकावरून त्या होडीच्या धक्क्याकडे बस जाते. तिथे तो एका बाकावर रात्रभर बसला. फोन बंद. भाची आणि जावई शहरभर हिंडत होते. इथे आक्का णमोकार मंत्राची माळ घेऊन बसलेली, आणि मी फोनपाशी. ती रात्र मी विसरणार नाही. तो सुखरूप सापडेल या आशेपलीकडे मला काही सुचत नव्हतं. कुठलंही औषध आठवत नव्हतं.

सकाळी सहाला तो स्वतःच बसमध्ये चढला आणि हजर झाला. त्याला तिथल्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर नुकताच पदवी घेतलेला, तोही सक्तीची सेवाच करत असलेला, वय असेल पंचवीस-सव्वीस. त्यानं पोट तपासलं नाही. खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "रात्री बाकावर बसून काय विचार करत होतास?" आमच्या पोरानं सांगितलं. काय सांगितलं ते मी इथे सांगणार नाही, आणि सुजाण श्रोत्यांना सांगायची गरजही नाही. डॉक्टरनं त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. पुढे त्याची शारीरिक श्रेणी बदलली, राहिलेले महिने एका कोठारात सामानाची नोंद ठेवायचं काम मिळालं. रात्री घरी यायला मिळू लागलं. पोटदुखी थांबली. माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायानं अकरा रविवारांत जे विचारलं नाही, ते त्या पोरसवदा डॉक्टरनं एका वाक्यात विचारलं.

हे सगळं झाल्यावर मी वाचायला लागलो. अपराधी माणूस वाचतो, हे तुम्ही पाहिलं असेल.

पहिली गोष्ट सापडली ती माझ्याच जुन्या पुस्तकात. आमच्या औषधीशास्त्रात कॅप्सिकम म्हणजे साधी लाल मिरची, आणि तिच्या लक्षणांत घरच्या ओढीनं झुरणं लिहिलेलं आहे. फॉस्फोरिक अॅसिडमध्येही आहे. विद्यार्थी असताना हे घोकलं होतं, त्यामागे केवढा इतिहास आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यानं बाझलला प्रबंध लिहिला आणि या झुरण्याला नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. ग्रीक भाषेतलं घरी परतणं आणि दुःख या दोन शब्दांची त्यानं गाठ मारली. तो शरीराचा रोग मानला जाई. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांचा रोग म्हणून त्याची ख्याती झाली. फ्रान्सनं क्रांतीनंतर सरसकट भरती सुरू केली, 1798 मध्ये तिचा कायदा झाला, आणि गावातली पोरं लाखांनी पलटणीत आली. तेव्हा नेपोलियनच्या सैन्यातला विख्यात शस्त्रवैद्य लारे यानं या रोगावर लिहिलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या लष्करी डॉक्टरांनी पाच हजारांहून अधिक शिपायांच्या नावापुढे हा रोग लिहिला, आणि त्यांतले काही दगावल्याचीही नोंद केली. म्हणजे दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरला निदान एक शब्द होता. वेडा नाही, भित्रा नाही, कामचुकार नाही, हा झुरतो आहे, असं कागदावर लिहायची सोय होती. पुढे तो शब्द वैद्यकातून उठला आणि साहित्यात जाऊन बसला. आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो, आणि महाराष्ट्राबाहेरची आपण मराठी मंडळी संमेलनातून त्याचे रतीब घालतो. माझ्यासकट. पण मूळचा तो शब्द पलंगावर पडून भिंतीकडे तोंड केलेल्या शिपायाचा होता.

दुसरी गोष्ट एका अमेरिकन मुलाची. एडी स्लोविक. तिची तपशीलवार हकिकत विल्यम ब्रॅडफर्ड ह्युई यांनी 1954 च्या पुस्तकात लिहिली. 1920 मध्ये डेट्रॉइटला एका गरीब पोलिश घरात जन्म. लहानपणी किरकोळ चोऱ्या, सुधारगृह, तुरुंग. बाहेर आल्यावर नोकरी लागली, 1942 मध्ये लग्न झालं. बायको अँटोनेट पायानं अधू होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घर मिळालं होतं. तुरुंगवासामुळे सैन्यानं त्याला आधी नको असलेल्यांच्या यादीत टाकलं होतं. युद्ध लांबलं, माणसं कमी पडू लागली, तशी यादी बदलली आणि जानेवारी 1944 मध्ये त्याला उचललं. बायकोला तो जवळजवळ रोज पत्र लिहायचा. ऑगस्टमध्ये फ्रान्सला पोचला, आणि आपल्या तुकडीकडे जाताना पहिल्याच तोफांच्या माऱ्यात हबकून गेला. चुकून तो आणि एक सोबती कॅनडाच्या तुकडीत मिसळले. तिथे सहा आठवडे राहिले, पडेल ते काम केलं. तिथे तो कुणाला नकोसा झाला नव्हता. ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या तुकडीत आल्यावर त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं, मला फार भीती वाटते, मागच्या फळीत कुठलंही काम द्या. नकार मिळाला. तेव्हा त्यानं कागदावर लिहूनच दिलं की मी पळालो होतो आणि पुढे पाठवलंत तर पुन्हा पळेन. अधिकाऱ्यांनी त्याला तो कागद फाडून टाकायची संधी दिली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यानं फाडला नाही. त्याला वाटलं, इतरांना होते तशी कैद होईल, युद्ध संपेल, घरी जाऊ.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या वीस हजारांहून अधिक जणांना पळून गेल्याबद्दल शिक्षा झाल्या. 49 जणांना मृत्युदंड सुनावला गेला. अमलात आला तो एकाचा. 31 जानेवारी 1945 ला फ्रान्समधल्या सेंत मारी ओ मीन या गावी, बर्फात, एका घराच्या आवारात स्लोविकला गोळ्या घातल्या. वय 24. गोळ्या घालणारे बारा जण त्याच्याच पलटणीतून निवडले होते. नवरा कसा मेला हे अँटोनेटला आठ वर्षं माहीत नव्हतं. ती 1979 मध्ये गेली. 1987 मध्ये त्याच्या अस्थी डेट्रॉइटला आणून तिच्या शेजारी पुरल्या.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. युद्धात शिस्त लागते हे मला कळतं. शेजारचा मुलगा छातीवर गोळी झेलत असताना एकानं पळावं, हे त्या शेजारच्याच्या आईला कसं वाटेल? तिचं म्हणणं खोडता येईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. स्लोविकनं आजार लपवला नव्हता. त्यानं स्वतःचं निदान स्वतः लिहून दिलं होतं, सहीनिशी.

इथे मला एक फरक करायचा आहे, कारण तो आपण करत नाही. सदसद्विवेकानं शस्त्र नाकारणारे लोक वेगळे. त्यांच्यापाशी तत्त्व असतं, म्हणून शब्द असतात. जर्मनीनं 1949 च्या घटनेतच त्यांचा हक्क मान्य केला. दक्षिण कोरियात हजारो तरुण त्यासाठी तुरुंगात गेले. 2018 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं पर्यायी सेवेची सोय करायला सांगितलं, आणि 2020 पासून ती सुरू झाली, तुरुंगात काम करायची, 36 महिन्यांची. कठीण आहे, पण वाट आहे. जो नुसताच रांगेत बसत नाही त्याच्यापाशी तत्त्व नाही, धर्म नाही, जाहीरनामा नाही. देशावर त्याचं प्रेमही असतं. "मला जमत नाही" एवढंच त्याला म्हणता येतं, आणि आपल्या घरांतून मुलग्यानं म्हणायचं ते वाक्य नव्हे. मग बोलण्याचं काम पोट करतं.

या सभेत रिल्केचे वाचक असतील, म्हणून त्याचंही थोडं सांगतो. त्याच्या वडिलांना सैन्यात अधिकारी व्हायचं होतं, ते जमलं नाही, रेल्वेत नोकरी करावी लागली. दहा वर्षांच्या मुलाला त्यांनी 1886 मध्ये सैनिकी शाळेत घातलं. पाच वर्षांनी तो प्रकृतीच्या कारणानं बाहेर पडला. पुढे जग त्याला महाकवी म्हणू लागल्यावर, 1920 मध्ये, त्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षकाचं स्नेहाचं पत्र आलं. ते तोवर मोठे सेनाधिकारी झाले होते. रिल्केनं लांबलचक, सभ्य आणि निष्ठुर उत्तर लिहिलं. ती पाच वर्षं मनातून दाबून टाकली नसती तर मला जगताच आलं नसतं, असा त्याचा आशय आहे. मधे, 1916 मध्ये, चाळिशीतल्या या माणसाला व्हिएन्नात पुन्हा सक्तीनं भरती केलं होतं. कवायतीत तो कोसळायच्या बेतात आला. मित्रांनी खटपट करून त्याला युद्धदफ्तरात आणवलं. तिथे इतर लेखक शूरवीरांच्या गोष्टी सजवून लिहीत. याला ते जमेना, म्हणून कागदावर रेघा आखायचं काम दिलं असं सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये सुटला. 1912 मध्ये सुरू केलेल्या त्याच्या विलापिका पुऱ्या व्हायला 1922 साल उजाडलं. तीस वर्षांपूर्वीच्या शाळेला उत्तर देताना हात कापणारा माणूस आणि रविवारी चार वाजता पोट धरणारा आमचा पोरगा, यांत मला फार अंतर दिसत नाही. रिल्केला भाषा होती एवढंच.

आणखी एका गोष्टीनं मला खाली मान घालायला लावली. सोव्हिएत रशियात भरती झालेल्या नव्या पोरांना जुने शिपाई फार छळत. तिथे 1989 मध्ये आयांनी समिती काढली. त्या बायका पलटणींच्या फाटकांवर जाऊन उभ्या राहिल्या, मुलांच्या तक्रारी लिहून घेऊ लागल्या, काही तर मुलांना हाताला धरून घरी घेऊन आल्या. तो देश कसा होता हे लक्षात घ्या. तिथे एका आईनं असं करणं म्हणजे काय असेल! आणि आम्ही, फोन हातात असलेली, शिकलेली, अहिंसेवर प्रवचनं ऐकणारी माणसं, पोराला सांगत होतो, सहन कर.

भाचीला मी दोष देत नाही. तिनं पुढे मला विचारलं, "मामा, मी तेव्हा त्याला थांबवायला हवं होतं का?" काय सांगणार? कायदा होता, देश त्यांनी निवडलेला होता, शेजारच्या प्रत्येक घरातला मुलगा जात होता. थांबवता आलं नसतं. विचारता आलं असतं. मी तिला एवढंच म्हणालो, "तू आई आहेस, तू घाबरली होतीस. मी डॉक्टर होतो."

आता दवाखान्यात मी एक बदल केला आहे. भरतीच्या तयारीची पोरं येतात, तेव्हा उंची आणि छातीचं झाल्यावर विचारतो, "तुला जायचंय, की घरच्यांना?" बहुतेक जण चटकन म्हणतात, मलाच. त्यांच्या तोंडावर ते दिसतंही. एखादा मात्र गप्प बसतो, आणि बरोबर आलेल्या वडिलांकडे बघतो. त्या वेळी मी वडिलांना बाहेर पाणी प्यायला पाठवतो. एका मराठा शेतकऱ्यानं मला सुनावलंही, "डॉक्टर, तुमचं काम औषधाचं. पोराच्या डोक्यात काही घालू नका." त्याचंही चूक म्हणवत नाही. दोन एकर कोरडवाहू आणि तीन मुली, त्याला त्या पगाराची गरज होती. गरिबीही सक्तीच असते, फक्त तिचं बोलावणं टपालानं येत नाही.

मागच्या डिसेंबरात आमचा तो पोरगा इथे आला होता. आता नोकरी करतो, केस पुन्हा वाढवलेत. आक्का ऐंशीच्या पुढची, तिला भेटायला आला. पहाटे मी फिरायला निघालो तर हा जागाच होता. म्हणाला, "मामाआज्जा, येतो." आम्ही कॅम्पातल्या रस्त्यानं चाललो. थंडी होती, धुकं होतं. मागून बुटांचा आवाज आला, आणि आम्ही कडेला झालो. मला वाटलं, याला आत्ता काय होईल कुणास ठाऊक, चूक केली मी याला आणून. पन्नासेक जण एका ठेक्यात पुढून गेले. मी त्याच्याकडे बघत होतो. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. मागे, धुक्यात बघत होता.

"काय रे?"

"शेवटचा अजून यायचाय."

खरंच, मिनिटभरानं एक पोरगा आला. लाल झालेला, एका बुटाची नाडी सुटलेली. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली. आमच्या पोरानं त्याला हात केला, नाडीकडे बोट दाखवलं. तो वाकला, नाडी बांधली, आणि पुन्हा धावू लागला. बाकीचे वळणावर थांबले होते की नाही, ते धुक्यात आम्हाला दिसलं नाही.